बिनवासाचे पिंजरे

शैलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बहारीनला, हूरामधल्या आमच्या दातांच्या दवाखान्यात होते. मी तिथे रिसेप्शनला असते. समोर एक-दोघे पेशंट गालाला हात लावून बसले होते, आत ड्रिलचा आवाज चालू होता. फोनवर सांगलीहून कुमुदताई होत्या, शैलाताईंची धाकटी बहीण. "रुबीना, ताई गेली गं..." एवढं म्हणून त्या थांबल्या. मी विचारलं, "त्रास झाला का हो?" त्या म्हणाल्या, "नाही. काहीसुद्धा नाही." आणि माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "अल्हमदुलिल्लाह." समोरच्या पेशंटला वाटलं असेल, हिला कुठली तरी आनंदाची बातमी कळली. पण कुमुदताईंना माझं म्हणणं कळलं. त्या पलीकडून हळूच म्हणाल्या, "हो गं. मलाही तेच वाटलं."

आता काही आठवडे झाले. रडू येऊन गेलं, अजूनही मधूनच येतं. पण त्या दिवशी सगळ्यांत आधी जे वाटलं ते सुटकेसारखंच होतं, आणि ते लपवावं असं मला वाटत नाही. कारण शैलाताईंच्या मृत्यूची एक वेगळीच बातमी मी काही वर्षांपूर्वी मनातल्या मनात कितीतरी वेळा ऐकली होती. त्या बातमीत त्या अरादच्या आमच्या गल्लीत, पहाटे, मांजरांच्या पिंजऱ्याशेजारी पडलेल्या असायच्या, एकट्या. तसं झालं नाही. कसं झालं नाही तेच सांगायचं आहे.

अरादला किल्ल्याच्या मागच्या बाजूला आमचं कंपाउंड आहे. भिंतीच्या आत एकाला एक लागून घरं, मधे गाड्या लावायची गल्ली, टोकाला जनरेटरची खोली. डोक्यावरून विमानं इतकी खालून जातात की फोनवर बोलताना मधेच थांबावं लागतं. मी लग्न होऊन म्हसळ्याहून इथे आले. माझा नवरा इक्बाल, त्याचं हिद्दमध्ये हार्डवेअरचं दुकान. इथे येऊन थोडेच दिवस झाले असतील, एका सकाळी बेल वाजली. दारात सुती साडी नेसलेली, केस आवळून बांधलेली, चष्म्यातून सरळ बघणारी एक बाई. ना नमस्कार, ना ओळख. "तुम्ही कोकणातल्या ना? तुमच्याकडे बिर्याणीची मोठी देग असेल. दोन दिवस मिळेल का?"

माझ्या आईने लग्नात दिलेली देग होती. घरात काही कार्य असेल असं समजून मी ती दिली, वर हौसेने विचारलंही, "मसाला हवा का? घरचा आहे." त्या म्हणाल्या, "मसाला नको. वास नसलेलं काहीही चालेल." मला काही समजलं नाही. दुपारी वाळत घातलेले कपडे काढायला मागच्या अंगणात गेले, तर पलीकडच्या अंगणात शेगडीवर माझी देग रटरटत होती आणि त्यातून वाफेबरोबर लोखंडाचा वास येत होता. मी भिंतीवरून डोकावले. आईच्या देगेत जाळीची लोखंडी दारं उकळत होती!

"काय करताय हे?" मी जवळजवळ ओरडलेच. त्या चिमट्याने एक दार उलटत म्हणाल्या, "मांजरांच्या पिंजऱ्याची दारं. घाबरू नका, तुमची देग मी चिंच लावून घासून देईन."

आणि दिली. आमच्या घरातून गेली होती त्यापेक्षा लखलखीत. पण मग मी ती घरात घेतली नाही, त्यांनाच ठेवून घ्यायला सांगितलं. त्यावर त्या पहिल्यांदा हसल्या. आमची मैत्री अशी सुरू झाली.

शैलाताई सांगलीच्या. एका शिपिंग कंपनीत अकाउंट्सच्या मुख्य होत्या, ऑफिस हिद्दला बंदराजवळ. लग्न केलं नव्हतं. ऑफिसमध्ये त्यांना सगळे घाबरत, असं इक्बाल सांगायचा. त्यांच्या ऑफिसात त्याचा माल जायचा. आणि ही बाई दर हिवाळ्यात कंपाउंडमधली, आसपासच्या गल्ल्यांमधली भटकी मांजरं पिंजऱ्यात पकडायची, डॉक्टरकडे नेऊन त्यांची नसबंदी करून आणायची आणि जिथली तिथे पुन्हा सोडून द्यायची. ऑपरेशन झालेल्या मांजराच्या डाव्या कानाचं टोक डॉक्टर जरासं कापतात, म्हणजे तेच मांजर परत पकडलं जाऊ नये. अरादला तसे कान असलेली मांजरं दिसली की लोक म्हणत, ही शैलामॅडमची.

आमच्याकडे जानेवारीच्या शेवटाला दिवस मोठा व्हायला लागला की मांजरींचा हंगाम सुरू होतो. त्याआधी पिंजरे तयार हवेत, म्हणून शैलाताईंचं काम नोव्हेंबरमध्ये, एसी बंद करण्याचे दिवस आले की सुरू व्हायचं. पहिल्याच वर्षी मी विचारलं होतं, एवढं उकळायचं कशाला, धुतलं तर चालणार नाही? त्या म्हणाल्या, "अगं, मांजर आत सापडलं की घाबरतं, तिथेच मुततं. तो वास लोखंडात बसतो. पुढच्या मांजराला तो वास म्हणजे दारावर पाटी लावल्यासारखा. इथे येऊ नका."

म्हणून सगळे पिंजरे आधी सुटे करायचे. दारं आणि मांजराचा पाय पडला की दार पाडणारी आतली पट्टी, हे देगेत उकळायचं. पिंजऱ्याची मोठी जाळी देगेत मावत नाही, तिच्यावर कढत पाणी ओतून ब्रशने घासायचं. मग पॉलिश पेपरने गंज काढायचा. आमच्याकडे समुद्र चारी बाजूंनी, हवेतच मीठ, वर्षभर कोपऱ्यात ठेवलेला पिंजरा तांबडा होऊन जातो. गंज काढल्यावर काळा रंग, पातळ हाताने. आणि रंग दिल्यावर कित्येक आठवडे ऊन-वारा, रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत. शैलाताई रोज ऑफिसातून आल्या की साडीचा पदर खोचून एकेका पिंजऱ्याला नाक लावून हुंगायच्या. ते दृश्य बघून इक्बाल मला म्हणायचा, "तुझी ताई बघ, अत्तराच्या दुकानात आल्यासारखी करते."

अत्तरावरूनच मला पहिली बोलणी बसली. आमच्या घरी शुक्रवारी ऊद जाळतात, मीही अत्तर लावते. एकदा तशीच हातमोजे घालून मदतीला गेले, तर त्यांनी मला अंगणाच्या दारातच थांबवलं. "तू आज लांब बस आणि गप्पा मार. पिंजऱ्याला हात लावायचा नाही." मी हिरमुसले. थोड्या वेळाने त्याच चहाचा कप घेऊन आल्या. म्हणाल्या, "वास छान आहे. पण मांजरांना नाही ना कळत."

बिजागऱ्यांना कुठलं तेल लावायचं यावर आमचं मोठं संशोधन झालं. मशीनच्या तेलाला वास येतो. मी ऐटीत सांगितलं, खोबरेल लावा, आमच्याकडे सगळ्याला तेच. लावलं. जानेवारीतल्या एका थंड पहाटे मांजर आत शिरलं, पट्टीवर पाय पडला, आणि दार अर्ध्यावर येऊन थांबलं. खोबरेल थिजलं होतं! मांजराने वर दाराकडे पाहिलं, खालचा बांगडा उचलला आणि आरामात निघून गेलं. शैलाताई माझ्याकडे बघून फक्त म्हणाल्या, "तुमचं कोकण." पुढे औषधाच्या दुकानात मिळणारं बिनवासाचं पॅराफिन आणलं, ते टिकलं. दाराच्या खालच्या कडेला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या लावायच्या, म्हणजे आवाज होत नाही आणि शेपटी सापडत नाही. शेवटी परीक्षा : अर्धा किलो तूरडाळीची पिशवी दोरीला बांधून आत सोडायची, ती पट्टीवर टेकताक्षणी दार पडलं तर पिंजरा पास. नापास झाला की पुन्हा पहिल्यापासून. मग काही दिवस दार उघडं बांधून ठेवायचं आणि मांजरांना आतच जेवायला घालायचं. त्यांना आत-बाहेर करायची सवय झाली की एके दिवशी दाराची दोरी सोडायची.

इतकं सगळं करणाऱ्या या बाईंना मांजरं आवडत नसत. हे मी गमतीने म्हणत नाही. मांजर जवळ आलं की त्यांना शिंका यायच्या, डोळे लाल व्हायचे. कधी कुणा मांजराला त्यांनी नाव ठेवलं नाही, मांडीवर घेतलं नाही. मी एकदा विचारलं, "मग कशाला हो एवढं?" त्या जाळी घासत होत्या, हात थांबला नाही. "मला मांजरं आवडत नाहीत. मेलेली पिल्लं त्याहून आवडत नाहीत."

पुढचं कळायला मला आणखी एक हिवाळा लागला. त्या इथे नवीन होत्या तेव्हाची गोष्ट. ऑगस्टमधली सकाळ, ऑफिसला निघाल्या, तर गाडीखाली एका मांजरीने पिल्लं घातलेली. आमच्याकडचा ऑगस्ट ज्याने पाहिला नाही त्याला सांगून समजणार नाही. सकाळी आठला जमिनीवर अनवाणी पाऊल टेकवत नाही. त्यांनी पाणी ठेवलं, पुठ्ठा ठेवला, आणि मीटिंग होती म्हणून टॅक्सी करून गेल्या. संध्याकाळी आल्या तेव्हा मांजर एकेका पिल्लाला चाटत बसली होती आणि पिल्लं हलत नव्हती. "ती मला बघून ओरडलीसुद्धा नाही गं," त्या म्हणाल्या. "नुसती चाटत होती..." एवढंच. त्या विषयावर पुन्हा बोलल्या नाहीत. पण त्या वर्षीपासून अरादच्या उन्हाळ्यात पिल्लं कमी कमी होत गेली, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

सगळी मांजरं कधी ना कधी सापडली. सापडली नाही ती एक राखाडी मांजर. अंगाने भरलेली, दोन्ही कान भांडणांत फाटून चिंध्या झालेले, चालण्यात असा डौल की मीच तिला बेगम म्हणायला लागले. दर वर्षी जनरेटरच्या खोलीमागे पिल्लं दिसायची आणि त्यांच्यापाशी बेगम बसलेली असायची. शैलाताई रोज तिला आपल्या हाताने खायला घालायच्या, पिंजऱ्याच्या दारापर्यंत ती यायची, आतलं खाणं बघायची आणि शेपूट ताठ करून परत फिरायची. त्यांनी पिंजरा दोनदा उकळला, नवा पिंजरा आणला, रंग काढून टाकला, खजुराच्या झावळ्या घालून झाकला. बेगम बधली नाही. "कुठेतरी वास राहतोय," शैलाताई म्हणायच्या. "माझंच काहीतरी चुकतंय."

त्याच सुमारास त्यांना धाप लागायला लागली. आधी जिना चढताना, मग नुसतं वाकून पिंजरा उचलताना. मनामातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयाची झडप खराब झाली आहे, ऑपरेशन लवकर करा. कुमुदताईंनी मिरजेच्या डॉक्टरांशी बोलून सगळी तयारी केली. शैलाताई म्हणाल्या, "सीझन होऊ दे." सीझन झाला. मग ऑफिसचं वर्षअखेरीचं काम आलं, मग पुन्हा नोव्हेंबर. कुमुदताई मला फोन करायच्या. आम्ही एकमेकींना तेव्हा पाहिलंही नव्हतं. "रुबीना, तू सांग ना तिला. माझं ती ऐकत नाही. मांजरांसाठी कुणी जीव देतं का गं?"

मी सांगितलं, आणि त्यावरून आमचं चांगलंच वाजलं. मी म्हटलं, "ताई, तुम्ही नसलात तर ही मांजरं काय बुडणार आहेत?" त्या धापा टाकत म्हणाल्या, "हो. बुडणार आहेत. तू अबू खालिदला विचार."

अबू खालिद आमच्या कंपाउंडचे मालक, म्हातारे बहारिनी गृहस्थ. स्वभावाने वाईट नाहीत. पण भाडेकरू तक्रारी करून त्यांचं डोकं खात होते. गाड्यांवर ओरखडे, कचऱ्याच्या पिशव्या फाटलेल्या. त्या वर्षी ते शैलाताईंच्या दारात येऊन हात जोडल्यासारखे करून सांगून गेले होते, "मॅडम, ये गर्मी में फिर बच्चा आया तो खलास. मैं गाडी बुलाएगा, सब बिल्ली बर्रा." म्हणजे पकडून दूर वाळवंटात नेऊन सोडणार. पाणी नाही, सावली नाही. शैलाताईंनी त्यांना शब्द दिला होता की या उन्हाळ्यात एकही पिल्लू दिसणार नाही. आणि तो शब्द सगळा येऊन अडला होता बेगमवर. ती सापडल्याशिवाय त्या विमानात बसणार नव्हत्या. डॉक्टर मात्र म्हणत होते, एकेक महिना मोलाचा आहे.

त्या हिवाळ्यात पिंजऱ्यांचं काम मी केलं. शैलाताई अंगणात खुर्ची टाकून, अंगाभोवती जुनी शाल गुंडाळून बसायच्या आणि तिथून हुकूम सोडायच्या. "कोपरा राहिला." "आणखी एक पाणी." मी अत्तर सोडलं होतं, साबणसुद्धा बिनवासाचा. इक्बालने दुकानातून नवीन जाळी आणून एक पिंजरा नव्यानेच बांधून दिला. दिवसभराचं काम झालं की त्यांना हाताला धरून घरात न्यायचं. हात इतका हलका झाला होता की मला धरायची भीती वाटायची. रोज पहाटे फज्रची अजान झाली की मी नमाज आटोपून आधी त्यांच्या खिडकीकडे बघायचे. दिवा लागलेला दिसला की जिवात जीव यायचा.

एका पहाटे दिवा दिसला, पण त्या आत नव्हत्या. मी धावतच मागच्या अंगणात गेले... तर त्या खुर्चीत बसलेल्या, आणि माझी चाहूल लागताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आदल्या संध्याकाळी त्यांना आत नेताना शाल तिथेच राहिली होती, नव्या पिंजऱ्यावर पडलेली, अर्धी आत घसरलेली. त्या शालीला छातीला चोळायच्या बामचा वास यायचा, औषधांचा, शिकेकाईचा, त्यांच्या सगळ्या आजारपणाचा. जसल्या वासासाठी मला अंगणाच्या दारात अडवलं होतं तसले सगळे वास त्या शालीत होते. आणि त्या शालीवर, पिंजऱ्याच्या आत, वेटोळं करून बेगम झोपली होती.

दार वर बांधलेलं होतं. त्या दोरीचं टोक शैलाताईंच्या हातात होतं. किती वेळ त्या तशा बसल्या होत्या कोण जाणे. मी खुणेने विचारलं, मी सोडू? त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. मग त्यांनीच दोरीची गाठ सोडली. ट्यूबच्या पट्टीमुळे आवाज जवळजवळ झालाच नाही. बेगमने डोळे उघडले, दाराकडे पाहिलं, शैलाताईंकडे पाहिलं. ओरडली नाही. शैलाताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या म्हणत होत्या, "ॲलर्जी गं, ॲलर्जी."

डॉक्टरांकडे त्या हट्टाने आल्या. जनावरांचे डॉक्टर केरळचे, शैलाताईंना अनेक वर्षं ओळखणारे. त्यांनी बेगमला आत नेलं, भुलीचं इंजेक्शन दिलं. आम्ही बाहेरच्या बाकावर. थोड्याच वेळात ते परत बाहेर आले. शैलाताई उठून उभ्या राहिल्या. "काय झालं? गेली?"

"नो, नो मॅडम. शी इज फाइन." डॉक्टर हसू दाबत होते. "लेकिन ऑपरेशन नहीं करेगा. हो चुका है. बहुत साल पहले."

आम्हाला आत नेऊन त्यांनी दाखवलं. पोटावरचे केस काढले होते आणि त्या कातडीवर एक बारीक, पांढरी, जुनी रेघ होती. टाक्यांची. कानाचं टोकही कापलेलं असणार, पण त्या चिंध्यांमध्ये कुणाला ओळखू येणार? डॉक्टर म्हणाले, तुम्ही इथे पिंजरे लावायला लागलात त्याच्याही आधीचं काम दिसतंय. पिल्लं दुसऱ्या कुणाची असतील, अशा मांजरी दुसऱ्यांची पिल्लं सांभाळतात.

आणि मग आम्हाला उलगडलं. बेगमला वास येत नव्हता काही. तिला पिंजरा माहीत होता! एकदा आत गेली होती, पुन्हा जायचं नव्हतं. शैलाताई जितका पिंजरा उकळत होत्या, तितका तो तिला पिंजराच दिसत होता.

आधी हसायला कोणी सुरुवात केली आठवत नाही. शैलाताई बाकावर बसून इतक्या हसल्या की मला त्यांची पाठ चोळावी लागली, डॉक्टर पाणी घेऊन धावले. "एवढी वर्षं... एवढी वर्षं गं मी..." आणि मग हसता हसता त्या एकदम शांत झाल्या. आम्ही गाडीत बसून परत निघालो. मागच्या सीटवर बेगम शालीत गुंगीत पडली होती. पुलावर आल्यावर त्या म्हणाल्या, "रुबीना, कोण असेल गं?"

"कोण?"

"माझ्या आधी. कोणीतरी हिला पकडलं, नेलं, हातचं काम टाकून. कोणीतरी असेलच ना. आणि मला वाटत होतं, मी एकटीच..."

मी गाडी चालवत होते, त्यामुळे त्यांच्याकडे नीट बघता आलं नाही. पण त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका सैल होता. ऑफिसातून आलेली, पदर खोचलेली शैलाताई त्या आवाजात नव्हती. त्या म्हणाल्या, "म्हणजे माझ्यावरच नव्हतं सगळं." आणि थोड्या वेळाने, "कुमुदला फोन लाव. म्हणावं तारीख घे."

आम्ही पुढे अरादमध्ये पुष्कळ विचारलं. कोणी म्हणे, पूर्वी एक फिलिपिनो नर्स राहायची. कोणी म्हणे, शाळेतली गोरी बाई. नक्की कुणालाच माहीत नव्हतं. पिल्लांची आई मात्र कळली. जनरेटरमागची एक बुजरी काळी मांजर, जिचं ऑपरेशन त्याच महिन्यात झालं होतं. उन्हाळा आला. अबू खालिद काठी टेकत जनरेटरच्या खोलीमागे जाऊन स्वतः बघून आले. मला म्हणाले, "बच्चा मफी?" म्हणजे पिल्लं नाहीत ना. मी म्हटलं, "मफी, बाबा." ते म्हणाले, "मॅडम किदर?" मी सांगितलं, इंडियात, ऑपरेशनला. तर त्या म्हाताऱ्याने तिथेच हात वर करून दुआ मागितली.

ऑपरेशन नीट झालं. शैलाताई परत आल्या त्या फक्त सामान आवरायला आणि सगळ्यांना भेटायला. नोकरी सोडली, सांगलीला कुमुदताईंकडे कायमच्या राहायला गेल्या. पिंजरे मला दिले, कुठलीही सूचना न देता, हे मला फार लागलं आणि फार आवडलंही. आता आम्ही तीन-चार बायका मिळून ते काम करतो. एक मल्याळी आहे, एक बहारिनी शिक्षिका आहे. कधी वास राहतो, कधी दार अडतं. मी फोनवर सांगायचे, "ताई, या वर्षी रंग उशिरा दिला." त्या म्हणायच्या, "बरं." आणि विषय बदलून विचारायच्या, दवाखाना कसा आहे, इक्बालची पाठ बरी आहे का. मला आधी वाटायचं त्यांचं लक्ष उडालं. मग कळलं, त्यांनी ते खरोखरच खाली ठेवलं होतं. त्यांना चांगली वर्षं मिळाली, मोजकी असतील, पण चांगली.

मागच्या आठवड्यात लीव्ह घेऊन म्हसळ्याला गेले होते, तिथून इक्बालबरोबर सांगलीला जाऊन आले. कुमुदताई पहिल्यांदाच प्रत्यक्ष भेटल्या. दारातच मिठी मारली, मग दोघींचं रडून झालं, मग जेवायला वाढलं. भरलं वांगं, भाकरी. इक्बाल जेवून बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसला. मी स्वयंपाकघरात ताटं उचलायला लागले तर कुमुदताईंनी माझ्या हातातून ती हळूच घेतली आणि न वाजवता सिंकमध्ये ठेवली. मी काहीतरी विचारलं, तर त्या कुजबुजल्यासारखं बोलल्या आणि बोलता बोलता स्वतःच थांबून ओशाळं हसल्या.

"सवय झालीय," त्या म्हणाल्या. "ही ताईची झोपायची वेळ."

मला ते खरं वाटेना. अरादला इतक्या वर्षांत मी शैलाताईंना दुपारी आडवं झालेलं पाहिलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. कुमुदताई म्हणाल्या, "अगं, इथे आल्यावर पहिल्या दिवशी जेवून सहज पडली, ती दिवेलागणीला उठली. मी घाबरून दोनदा श्वास बघून आले. उठली आणि म्हणाली, किती गं छान वाटतंय. मग रोजचंच झालं. जेवण झालं की खिडकीजवळच्या कॉटवर, पाय ताणून, अगदी लहान मुलासारखी गाढ. पंखा बंद पडला तरी कळायचं नाही. मी मग त्या वेळात मिक्सर लावायचे नाही, कुकर लावायचे नाही. टीव्हीचा आवाज बंद. त्या दिवशीही तशीच झोपली..."

त्यांनी मला खोलीच्या दारापर्यंत नेलं. दार अर्धं लोटलेलं होतं. आत कॉट, कॉटवर धुतलेली चादर, उशीला मधोमध एक खळगा, जो कुमुदताईंनी मुद्दाम ठेवला होता की आपोआप राहिला होता मी विचारलं नाही. खिडकीचा पडदा ओढलेला, त्यातून पिवळा उजेड. बाहेर कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला, आणि कुमुदताईंच्या कपाळाला आठी पडली.

आम्ही दार तसंच लोटून स्वयंपाकघरात परत आलो, टेबलाशी बसून हळू आवाजात बोलत राहिलो. मधे इक्बाल काहीतरी मोठ्याने विचारत आला, तर मीच त्याला हाताने गप्प केलं. ऊन ओट्यावरून सरकत भिंतीवर गेलं. मग कुमुदताईंनी घड्याळाकडे पाहिलं, उठल्या, चहाचं आधण ठेवलं, आणि सिंकमधली भांडी खणखणत घासायला घेतली.